शांत कोपरा : तिसरी-चौथीच्या वर्गातील प्रकल्प नोंदी, 2024-25

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पाटोदा तालुका, जिल्हा बीड. नोंदी वर्गशिक्षिकेच्या आहेत. ही वही केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतर शिक्षकांच्या हातात जाणार असल्याने मुलांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

18 जून 2024

या वर्षी तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात एक शांत जागा तयार करायची आणि ती वर्षभर चालवून पाहायची, असे मुख्याध्यापक सरांशी बोलून ठरवले. त्याचे कारण आमच्या गावाच्या जगण्यातच आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या सुटतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच राहतात. काही मुले आईबापांबरोबर जातात. बाकीची आजी-आजोबांजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. मागच्या हिवाळ्यात या मुलांची भांडणे वाढली, जेवणाच्या सुट्टीनंतर रोज कोणाचे तरी पोट दुखू लागले, वह्यांची पाने फाडली गेली आणि एक-दोन मुलांनी तर बोलणेच जवळजवळ सोडले. हा शिस्तीचा प्रश्न नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

टोळ्या निघायला अजून काही महिने आहेत, तरी काम आजच सुरू करायला हवे. राग, भीती किंवा दुःख अंगावर आलेले असते तेव्हा विचार, नियोजन आणि आवर घालण्याचे काम पाहणारा मेंदूचा कपाळामागचा भाग मागे पडतो. या भागाची वाढ पूर्ण होण्यास विशी ओलांडावी लागते, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ऐन आवेगात ‘शांत हो’ असे सांगून काही साधत नाही. शांत होण्याची रीत त्याने शांत असताना, खेळीमेळीत शिकलेली असावी लागते. जून ते ऑक्टोबर हा काळ त्या शिकण्यासाठी आहे.

27 जून 2024

जागा ठरवताना पहिली अडचण भिंतींची आली. आमच्या वर्गात ‘बोलक्या भिंती’ आहेत: बाराखडी, पाढे, ऋतू, फळे, वाहतुकीचे नियम, थोर व्यक्ती आणि वर टांगलेल्या पताका. हे काम गावाने वर्गणी काढून मोठ्या हौसेने करून घेतले आहे आणि शिकवताना त्याचा उपयोगही होतो. मात्र डोळे कोठेही वळवले तरी समोर काहीतरी वाचायला, मोजायला आणि ओळखायला उभे राहते. 2014 साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भरगच्च सजवलेल्या वर्गात मुलांचे लक्ष जास्त वेळा विचलित झाले आणि त्याच धड्यातून ती कमी शिकली, असे दिसून आले. मनाने आधीच भरून आलेल्या मुलासाठी तर अशी भिंत आणखी एक ओझे ठरते.

म्हणून उत्तरेकडच्या खिडकीजवळचा भाग निवडला आणि तेथील चित्रांवर फिकट राखाडी डिस्टेंपरचे दोन हात दिले. ज्यांच्या वर्गणीतून ती चित्रे आली त्या पालकांना मी आधी भेटून कारण समजावून सांगितले आणि त्यांनी आढेवेढे न घेता होकार दिला. शाळेत रिकामी भिंत म्हणजे वाया गेलेली जागा असा समज शिक्षकांमध्येही आहे. या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचे साहित्य ती रिकामी भिंतच आहे, असे मला वाटते.

8 जुलै 2024

कोपरा उभा राहिला. पुस्तकांचे बुटके कपाट आडवे लावून एक बाजू अर्धवट बंद केली आहे. आत बसलेल्या मुलाला वर्ग दिसत नाही, मला मात्र त्याचे डोके दिसत राहते. पूर्ण आडोसा करायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेले आहे, कारण मूल एकटे असावे पण नजरेआड नसावे.

खाली बस्करपट्टी आणि तिच्यावर वाकळ आहे. ही वाकळ चौथीतल्या एका मुलाच्या आजीने जुन्या लुगड्यांची शिवून दिली आहे. घरी मुले जिच्यात झोपतात तसाच तिचा स्पर्श आणि वास आहे, त्यामुळे दुकानातल्या गादीपेक्षा ती कितीतरी योग्य वाटली. बाकीचे साहित्य असे: पाणी, तेल आणि चमकी भरून झाकण पक्के चिकटवलेली पारदर्शक बाटली, कागदाची भिरभिरी, डब्यात ओल्या फडक्याखाली ठेवलेली काळी माती, एक आरसा, कोरे कागद आणि खडू, मांडीवर ठेवायची ज्वारी भरलेली किलोभर वजनाची पिशवी. मांडीवरच्या वजनामुळे चुळबुळ करणारे शरीर जागेवर स्थिरावायला काही मुलांना मदत होते. सगळ्या वस्तू एकदम बाहेर ठेवायच्या नाहीत, एका वेळी तीनच.

आवाजाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या वर जाऊ नये. आमच्या पत्र्यावर पाऊस पडू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही. कोपऱ्यावर बांबूच्या कैच्या बांधून त्यांवर जुन्या सतरंज्यांचे छत घातले. त्याने आवाज थोडा दबला.

15 जुलै 2024

ज्वारीच्या पिशवीत सोंडे झाले. ज्वारी काढून धुतलेले, वाळवलेले चिंचोके भरले. वजन थोडे कमी भरले, पण हात फिरवायला मुलांना चिंचोके जास्त आवडले आहेत.

22 जुलै 2024

आज मुलांबरोबर बसून नियम ठरवले. नियम थोडेच आहेत, पण त्यांच्यावरच सगळे अवलंबून आहे. कोपऱ्यात जायचे की नाही हे मुलाने ठरवायचे. जाताना विचारावे लागत नाही; दाराजवळच्या खिळ्यावरची लाल दोरी मनगटात अडकवायची, म्हणजे मला कळते. आत एका वेळी एकच मूल, आणि मैत्रीण किंवा मित्र हवा असेल तर दोघे. आत असलेल्याशी बाहेरच्यांनी बोलायचे नाही आणि परत आल्यावर ‘काय झालं होतं’ असे विचारायचे नाही. वाळूचे घड्याळ ठेवले आहे ते वेळ संपली हे सांगण्यासाठी नव्हे. वाळू खाली पडताना पाहत बसता यावे म्हणून आहे.

पहिली-दुसरीच्या सरांनी आपुलकीनेच विचारले की, फार दंगा करणाऱ्या मुलांना थोडा वेळ तिकडे बसायला पाठवता येईल का. मी नकार दिला आणि कारणही सविस्तर सांगितले. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई केली आहे, पण वर्गातील कोपऱ्यात उभे राहण्याची आठवण गावातल्या आईबापांच्या आणि आजोबांच्या मनात अजून ताजी आहे आणि ती मुलांपर्यंत पोहोचलेली आहे. शिक्षकाने एकदा जरी रागाने ‘जा, तिकडे बस’ म्हटले तरी ती जागा शिक्षेची होईल आणि ज्याला तिची खरी गरज आहे ते मूल तिकडे फिरकणार नाही. मी फार तर ‘कोपरा मोकळा आहे’ एवढेच हळू आवाजात सांगू शकते. सरांना हे पटले आणि हा नियम आम्ही दोघांनी शाळेसाठी लिहून काढला.

6 ऑगस्ट 2024

परिपाठानंतरची पाच मिनिटे आता रोज याच कामासाठी राखली आहेत. भिरभिरे समोर धरायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि ते अगदी सावकाश फिरत राहील इतक्या हळू, लांब फुंकर घालायची. श्वास घेताना हृदयाची गती थोडी वाढते आणि सोडताना मंदावते, म्हणून घेण्यापेक्षा सोडणे लांबवले की शरीर निवळू लागते. मुलांना मी हे शास्त्र सांगितले, त्यांनी मनगटावर नाडी धरून पाहिली आणि चौथीतल्या मुलांना तर ते एखाद्या प्रयोगासारखे आवडले.

त्यानंतर शांतीचा खेळ असतो. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीत मुले निश्चल बसतात आणि शिक्षिका दूरून, कुजबुजत्या आवाजात एकेकाचे नाव घेते. ज्याचे नाव ऐकू येईल त्याने आवाज न करता उठून तिच्याकडे जायचे असते. ही बालशिक्षणाची परंपरा आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले आणि 1945 पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षण गरीब वस्त्यांच्या अंगणात नेले. कमी पैशांत, भोवतालच्या वस्तूंतून साहित्य उभे करण्याची त्यांची दृष्टी मला या कामात पदोपदी उपयोगी पडते. आज कुजबुजलेले नाव ऐकून उठणाऱ्या मुलांचे चेहरे पाहताना जाणवले की, कोणीतरी आपल्याला हळू आवाजात, प्रेमाने हाक मारावी याची किती मुलांना भूक आहे.

3 सप्टेंबर 2024

पोळ्याच्या सुट्टीनंतर भावनांची कार्डे तयार केली. तयार मिळणाऱ्या चार चेहऱ्यांच्या तक्त्याने काम भागत नव्हते, म्हणून मुलांनाच विचारले आणि चित्रेही त्यांनीच काढली. ‘राग आला’, ‘भ्या वाटतंय’, ‘रुसलोय’, ‘लाज वाटली’, ‘भूक लागली’ अशी कार्डे निघाली आणि सर्वांत जास्त मुलांनी काढलेले कार्ड ‘करमंना’ हे होते. भुकेचे कार्ड भावनांमध्ये असावे की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि मी ते ठेवले. सकाळी काही न खाता आलेल्या मुलाची चिडचिड खिचडी मिळेपर्यंत कोणत्याही कोपऱ्याने जाणार नाही.

27 सप्टेंबर 2024

कोपऱ्याचा वापर कोणत्या वेळी होतो हे पाहत आहे. सर्वांत जास्त मुले जेवणाच्या सुट्टीनंतर जातात, कारण मैदानावरची भांडणे तेव्हा वर्गात येतात. दुसरी वेळ गणिताच्या तासाची आहे. चौथीतला एक मुलगा गणित सुरू झाले की दोरी घेतो. शिक्षकाला येथे फसवले जाण्याची शंका येते आणि ती स्वाभाविक आहे. मी त्याला अडवले नाही. शाळा सुटल्यावर त्याच्याशेजारी बसून उदाहरणे सोडवली, तेव्हा हातच्याची वजाबाकी त्याला मुळीच कळलेली नाही असे दिसले. फळ्यापुढे बोलावले जाण्याची भीती त्याला तासाआधीच घेरत होती. काठ्यांचे गठ्ठे सोडवून दशकाचे सुटे करण्यापासून पुन्हा सुरुवात केली आहे. मूल कोपऱ्यात कधी जाते, याची नोंद शिक्षकाला त्याच्या वहीइतकेच सांगून जाते.

25 ऑक्टोबर 2024

यंदा गाळप 15 नोव्हेंबरपासून आहे, त्यामुळे बहुतेक टोळ्या दिवाळीनंतर निघतील. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांची शिक्षण हमी पत्रके भरली, म्हणजे फडाजवळच्या शाळेत त्यांना सामावून घेतले जाईल. प्रत्येक पत्रकाला यंदा मी एक छोटी चिठ्ठी जोडली आहे. ‘या मुलाला मन अस्वस्थ झाल्यावर काय केल्याने बरे वाटते’ हे मुलाने स्वतः सांगितले आणि मी लिहून घेतले. एकीने ‘माती द्या’ असे सांगितले, एकाने ‘मला थोडा वेळ कोणी काही विचारू नका’ असे सांगितले. प्रत्येकाला घडी करून एक भिरभिरे दिले आहे.

21 नोव्हेंबर 2024

काल विधानसभेचे मतदान झाले. आमची खोली मतदान केंद्र असल्याने कोपरा आधीच उचलून ठेवावा लागला होता. आज सकाळी मुलांनीच वाकळ अंथरली, बाटली, माती आणि कार्डे जागच्या जागी लावली आणि मला काही सांगावे लागले नाही. काही टोळ्या मतदान करून रात्रीच निघाल्या. वर्गात आज बरीच जागा रिकामी आहे.

28 नोव्हेंबर 2024

हा आठवडा ज्यासाठी जूनपासून तयारी केली तो होता, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

तिसरीतील एक मुलगी रोज जेवणानंतर दोरी घेते, वाकळीचे टोक तोंडावर ओढून बसते आणि रडते. ती बाटली हलवत नाही, फुंकर घालत नाही, मातीलाही हात लावत नाही. साधारण अर्ध्या तासाने उठते, तोंड धुते आणि जागेवर येऊन लिहू लागते. तिची आई गेली तेव्हा ती झोपेत होती. रडेल म्हणून तिला उठवले नव्हते. ती कोपऱ्यातून उठली की मी तिला एवढेच विचारते की आज काय वाचू या, आणि ती एखादे पुस्तक दाखवते.

भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी हे पाहून विचारले की मुलगी रोज रडत असेल तर उपक्रमाचा परिणाम काय म्हणायचा. मी त्यांना जे सांगितले तेच येथे लिहिते. रडणे थांबवणे हे या जागेचे काम नाही. आई चार-पाच महिन्यांसाठी निघून गेली असताना आठ वर्षांच्या मुलीला रडू येणे हे सर्वस्वी योग्य आहे. ते दाबून तिला हसरे करण्याचा हक्क शाळेला नाही. भावनांचे नियमन म्हणजे भावना नाहीशी करणे नव्हे. ती आली असता तिच्यासह बसता येणे आणि मग पुन्हा आपल्या कामाकडे वळता येणे, हे ते कौशल्य आहे आणि ही मुलगी ते रोज करून दाखवत आहे. मागच्या वर्षी याच दिवसांत तिची मोठी बहीण बाकावर डोके ठेवून दिवसभर तशीच पडून राहत असे.

दुसरी गोष्ट मोठ्या माणसांबद्दल आहे. कोपऱ्यातील वस्तूंमुळे मूल शांत होते असे बाहेरून दिसते, पण बहुतेक मुले आधी माझ्याकडे पाहतात. मी घाईत असेन, आवाज चढलेला असेल, तर वाकळ आणि चिंचोके यांचा उपयोग होत नाही. लहान मूल आपले मन एकट्याने सावरायला शिकत नाही, जवळच्या शांत माणसाच्या आधाराने ते शिकते, आणि ज्याच्या घरी तो आधार पाच महिने नसतो त्याच्यासाठी शिक्षकाचा स्वर हेच मुख्य साहित्य ठरते. म्हणून दुपारच्या सत्राआधी मी स्वतः भिरभिऱ्याचे दहा श्वास घेते आणि मगच वर्गात पाऊल टाकते.

12 डिसेंबर 2024

महाराष्ट्राचा मोठा नकाशा कोपऱ्याबाहेर, हात पोहोचेल अशा उंचीवर लावला. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांकडून कारखान्याचे गाव विचारून आणले आणि तेथे टिकली चिकटवली. कर्नाटकातल्या टिकल्यांसाठी शेजारी एक कागद जोडावा लागला. पाटोद्यापासून तेथपर्यंत मुलांनी दोऱ्याने अंतर मोजले आणि नकाशाच्या प्रमाणावरून किलोमीटर काढले. ‘आई लांब गेली’ यापेक्षा ‘आई इस्लामपूरजवळ आहे’ हे मुलांना जास्त सोसते, असे दिसते. नकाशा लागल्यापासून पोटदुखीच्या तक्रारी कमी झाल्या आहेत. त्याचे कारण नकाशाच आहे असे मी म्हणणार नाही, पण तो काढणारही नाही.

9 जानेवारी 2025

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला या वेळी आज्यांना बोलावले. मुलांना सांभाळणारे खरे पालक सध्या त्याच आहेत. घरी मूल हट्टाला पेटले की ‘आईला फोन लावते’ किंवा ‘मास्तरला सांगते’ हे दोनच उपाय असतात, असे अनेकींनी सांगितले. फोनविषयी बरेच बोलणे झाले. तोडणी पहाटे सुरू होते, दिवसा फडात फोन घेता येत नाही, त्यामुळे मूल वाट पाहून कष्टी होते. संध्याकाळची एक वेळ ठरवावी आणि तीच पाळावी, असे ठरले. ठरलेली वेळ माहीत असली की मधला काळ मुलाला काढता येतो. एक आजी म्हणाल्या, “बाई, लेकरू रडाय लागलं की माझाबी जीव गलबलतो, मग मीच त्याच्यावर वरडते.” या वाक्यावर सगळ्या जणी बोलू लागल्या आणि बैठक उशिरापर्यंत चालली. आज्यांनाही आधार लागतो, हे आपण कोणत्याच आराखड्यात लिहीत नाही.

30 जानेवारी 2025

एका मुलाच्या बाबतीत कोपरा पुरेसा नाही. तो रात्री दचकून उठतो, जेवण तुटले आहे, पूर्वी येत असलेले वाचन विसरल्यासारखे करतो आणि शाळेच्या आवारातही एकटा जात नाही. अशा वेळी वर्गातल्या उपक्रमाचा आग्रह धरणे चुकीचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे त्याची नोंद दिली, आजोबांना मानसिक आरोग्यासाठी मदत करणाऱ्या टेलि-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या चोवीस तास चालणाऱ्या निःशुल्क क्रमांकाबद्दल सांगितले आणि त्यांच्यासमोर पहिला फोन लावून दिला. आजोबांनी मुलाच्या वडिलांनाही कळवले आहे. तो कोपरा वापरतो, पण आता सोबत मी बसते.

11 मार्च 2025

टोळ्या परतू लागल्या आहेत. आईबाप आले की सगळे सुरळीत होईल अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात हे पंधरा-वीस दिवस अवघड जातात. इतके महिने आवरून धरलेले मूल आई दिसताच चिडते, तिच्याशी बोलत नाही, शाळेत भांडते. पालकांना हे आधीच सांगून ठेवले, म्हणजे ‘लेकरू बिघडलं’ असे त्यांना वाटू नये. फडावरून परतलेल्या एका मुलीने तिची घडी झालेली चिठ्ठी परत आणून दिली. तिथल्या शाळेत तिला खरोखर माती मिळाली होती.

पत्रे तापू लागल्याने दुपारी कोपऱ्यात बसवत नाही. मुलांच्या सूचनेवरून तो दुपारपुरता लिंबाखाली हलवला आहे.

25 एप्रिल 2025

पुढील वर्षाची यादी मुख्याध्यापक सरांकडे दिली. पहिली-दुसरीच्या वर्गातही कोपरा करायचा आहे आणि त्यासाठी तेथील एक भिंत आधी रिकामी करावी लागेल. पत्र्याखाली उष्णता आणि आवाज अडवणारे छत संयुक्त अनुदानातून बसवता येते का, हे जूनच्या समिती बैठकीत मांडायचे. चमकीची बाटली गळते, ती बदलायची. भावनांची कार्डे जपून न ठेवता नवीन मुलांनी नव्याने काढायची. माझी बदली झाली तर येणाऱ्या शिक्षकांनी 22 जुलैची नोंद सर्वांत आधी वाचावी आणि साहित्याला हात लावण्यापूर्वी नियमांविषयी मुलांशीच बोलावे, अशी विनंती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.